मधली पांढरी रेघ

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तेहतीस वर्षं सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. शेवटची बारा वर्षं त्यांच्याकडे कल्याणहून माळशेज घाट चढून जाणारी गाडी होती. मूळचे आम्ही बदलापूरच्या कुळगावचे, पण घर झालं अंबरनाथ पूर्वेला, आणि लग्नानंतर मी परत बदलापुरात, कात्रपला आले. आई गेल्यावर अप्पा त्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. माझ्याकडे राहायला या म्हटलं की म्हणायचे, "पुढचंच तर स्टेशन आहे."

त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. फोन केला की दोनच शब्द: "जेवलो" आणि "ठीक". मी एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर काम करते. कोणाचा कॉम्प्युटर अडला की फोन माझ्याकडे येतो, आणि तो चालू करून देणं हे माझं काम. ऑफिसातला एक जण बस चालवायचा गेम खेळायचा. त्याला बघून मला सुचलं. उल्हासनगरच्या मार्केटातून कॉम्प्युटर जोडून घेतला, त्याला स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे तीन पेडल घेतले, आणि एका रविवारी सगळं अप्पांच्या टेबलावर मांडलं.

अप्पा खुर्चीत बसले, मागेपुढे सरकून अंतर नीट केलं, आणि आधी हँडब्रेक कुठे आहे ते विचारलं. पण गेममधले रस्ते परदेशातले, गाडी निळी, काचेसारखी गुळगुळीत. दहा मिनिटांत उठले. म्हणाले, "ही गाडी माझी नाही."

मग मी मॉड शोधले. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये हौशी लोकांनी घरी बसून बनवून घातलेली भर. कोणीतरी आपली लाल गाडी बनवली होती, खिडकीच्या गजांसकट. दुसऱ्या कोणीतरी माळशेज घाटाचा रस्ता बनवला होता. ते दोन्ही घातले आणि पुढच्या रविवारी अप्पांना बसवलं. मुरबाड मागे पडलं, चढ लागला, बोगदा दिसला. अप्पांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"इथे डाव्या हाताला माकडं बसतात," ते म्हणाले.

"अप्पा, त्याने माकडं नाही बनवली."

"सांग त्याला बनवायला."

मी पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशी त्यांनी मला आईबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं. लग्नाआधी ती मामाकडे याच गाडीने जायची, आणि तेव्हा नवखे असलेले अप्पा, बदलीवर या घाटात आले की, तिच्यामुळे त्या वळणावर उगाच दोनदा हॉर्न वाजवायचे.

त्यानंतर ते रोज सकाळी नाश्ता करून ड्युटीवर बसू लागले. घाटात चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. मॉड घातलेला गेम मात्र सारखा बिघडतो. वेगवेगळ्या माणसांनी बनवलेल्या वस्तू एकमेकींशी जुळत नाहीत. डेपोत गाडी जमा करताना बिघाड लिहून द्यायची पद्धत होती, तशी अप्पांनी एक वही केली. रविवारी मी गेले की वही पुढे यायची. "झाडं उडतात." "गाडीचा मागचा भाग जांभळा." "बोगद्यात सावली लुकलुकते." मी चहा घेत एकेक निस्तरायची. जांभळा रंग म्हणजे त्या जागेचं चित्र गेमला सापडत नाहीये, फाइल परत टाकायची. झाडं उडतात कारण दोन मॉडनी एकाच जागी दोन झाडं लावलीत, एक मॉड काढायचा. सावल्यांसाठी ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे चित्रं उमटवणाऱ्या भागाचं, सॉफ्टवेअर नवं करायचं. बिघाड दूर झाला की अप्पा त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचे आणि "पास" लिहायचे. माझ्या नोकरीत मला असं कोणी कधी लिहून दिलं नव्हतं. त्या सहा-सात महिन्यांत मी वडिलांच्या जितकी जवळ होते, तितकी लहानपणीही नव्हते.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी वहीत नवी ओळ होती: "मधली पांढरी रेघ वाकडी."

मी गेम सुरू करून पाहिलं. रस्त्याच्या मधली रेघ सरळ होती. "कुठे वाकडी आहे?"

"ही काय. इथे पोट आलंय तिला." त्यांनी बोट ठेवलं.

मला ते दिसलं नाही, पण ते माझं पहिलंच वर्ष नव्हतं या कामात. काही बिघाड मधूनच येतात आणि जातात. मी घाटाचा मॉड काढून परत टाकला, पडद्याची मापं बदलली. पुढच्या रविवारी तीच ओळ पुन्हा, खाली अजून एक: "समोरून येणाऱ्या गाडीला तोंड नाही." त्याच्या पुढच्या आठवड्यात: "स्पीडचा काटा मधेच गायब."

मी पडद्याचे फोटो काढून घाटाचा रस्ता बनवणाऱ्या माणसाला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "ताई, तुमच्या फोटोत मला सगळं नीट दिसतंय." मला वाटलं, हात झटकतोय. मग मला कार्डाचा संशय आला. कॉम्प्युटर उचलून उल्हासनगरला त्या दुकानात नेला. दुकानदार सिंधी, वयाने अप्पांच्याच आगेमागे, माझ्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचा. त्याने तासभर कार्डावर टेस्ट चालवली, पडद्यावर चित्रं फिरत राहिली, आणि शेवटी म्हणाला, "दीदी, कार्ड एकदम ओके आहे. अंकलजींचा चश्मा चेक करवाया क्या?"

"चष्मा दिवाळीत नवा केलाय," मी म्हटलं. तेव्हा त्या चष्म्याला वर्ष होत आलं होतं. त्याने खांदे उडवले आणि कॉम्प्युटर पुन्हा पिशवीत भरून दिला.

चष्म्याचं त्याने मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. रिक्षात बसून मी विचार काय करत होते, तर पडद्याची केबल बदलून बघू.

केबल बदलली. मग सगळे मॉड काढले, आणि एकेक करून परत घालत गेले, प्रत्येक वेळी अप्पांना विचारत, "आता?" ते बिचारे पुढे वाकून बघायचे आणि अपराध्यासारखे म्हणायचे, "अजून तसंच आहे, बाय." चार रविवार त्यात गेले. घरी माझी कामं पडून राहायची. चौथ्या रविवारी मी लाल गाडी सोडून सगळं काढून टाकलं, गेम पहिल्यापासून घातला, आणि अप्पा म्हणाले, "रेघ तशीच."

माझा तोल गेला. "अप्पा, रेघ सरळ आहे. मला सरळ दिसते, दुकानदाराला सरळ दिसते, ज्याने रस्ता बनवला त्याला सरळ दिसते. तुम्हाला एकट्यालाच वाकडी दिसते. आता मी अजून काय करू?"

अप्पा उठून स्वयंपाकघरात गेले आणि माझ्यासाठी आणलेले बटाटेवडे ताटलीत काढून घेऊन आले. म्हणाले, "राहू दे. चालतंय."

पुढच्या रविवारी मी घाटाचा रस्ता परत घातला, तेव्हा वहीत नवी ओळ नव्हती. "रेघ?" मी विचारलं.

"बरी आहे आता," अप्पा म्हणाले. आणि त्या ओळीपुढे त्यांनी माझ्यासमोर बरोबरची खूण केली.

मला इतकं हायसं वाटलं, की ती आपोआप कशी बरी झाली असेल हे मी विचारलंच नाही. हेल्पडेस्कवर मी रोज लोकांना विचारते, तुम्हाला दिसतंय ते शेजारच्यालाही दिसतंय का? आणि शेजारच्याला दिसत नसेल तर गोष्ट तिथे संपत नाही, तिथून सुरू होते, हे नव्या मुलींना मी शिकवते.

पुढचे तीन महिने मी दर रविवारी जाऊ शकले नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फोनवर अप्पा नीट बोलायचे. गेम आल्यापासून पेपरातलं काहीबाही सांगू लागले होते, ते आता सांगत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मग एका शनिवारी दुपारी मी गेले, तेव्हा ते गाडी चालवत होते. मी मागे पलंगावर बसले. अप्पा पडद्याकडे बघतच नव्हते. मान उजवीकडे वळवून, खिडकीबाहेर कोणाशी बोलत असल्यासारखे, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. तसंच त्यांनी अख्खा घाट चढला. प्रत्येक वळण बरोबर. बोगद्यापुढे रस्त्यात एक बस उभी होती. अप्पांनी वेग कमी केला नाही. धडक बसली, काच तडकल्याचा आवाज आला.

"अप्पा, समोर बस होती."

"नव्हती."

"आहे. ही काय." समोरच्या बसचा पाठीमागचा भाग सगळा पडदा व्यापून राहिला होता.

अप्पांनी मान सरळ केली, पडद्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "मला तिथे काही दिसत नाही."

मी पडदा बंद केला. त्यांची खुर्ची खिडकीकडे फिरवली. "हे गज बघा. सरळ दिसतात?"

त्यांनी आधी सरळ, मग मान वळवून गजांकडे बघितलं. "नाही. गजपण गेमसारखेच झालेत."

"कधीपासून?"

"झाले असतील महिने. मला वाटलं, ते बघून बघून डोळ्याला सवय लागली. तू म्हणालीस ना, बिघाड नाहीये म्हणून."

सोमवारी रजा टाकून मी त्यांना उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद अप्पांच्या हातात दिला, वहीच्या गणिताच्या पानासारखा, मधे एक काळा ठिपका. डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं.

"काय दिसतं, काका?"

"ह्याचेपण ग्राफिक्स गेलेत," अप्पा म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या. मी उठून बाहेर गेले, आणि पाणी पिऊन परत आले.

त्यांनी मला चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध, जिथे आपण वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तिथे वयामुळे मागून पाणी झिरपतं. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. डावा डोळा आधीच गेला होता, उजवा सांभाळून घेत होता म्हणून कोणाला कळलं नाही. मग उजव्यात सुरू झालं. सरळ रेघ वाकडी दिसणं ही त्याची पहिली खूण. तेव्हा इंजेक्शनं सुरू केली तर बरंचसं वाचतं.

"वाकडं दिसायला कधी सुरुवात झाली?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दोन-तीन आठवडे झाले असतील," ते म्हणाले.

"पाच महिने," मी म्हटलं.

अप्पांनी टेबलाखाली माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला, लहानपणी बाहेर कोणाकडे मी जास्त बोलले की दाबायचे तसा. डॉक्टरबाईंनी पाच महिने लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याला एक अशी इंजेक्शनं झाली. डोळ्यातच देतात. अप्पा एकदाही कण्हले नाहीत. जे गेलं होतं ते परत आलं नाही, पुढचं जाणं थांबलं. त्यांना दार दिसतं, जिना दिसतो, ताट दिसतं. वाचता येत नाही. चेहरे दिसत नाहीत. मी बोलायचं ठरवून गेले होते, एका इंजेक्शननंतर बोलले. "अप्पा, तुम्ही खूण का केलीत? बरी नव्हती रेघ."

"तू दमली होतीस," अप्पा म्हणाले. "आणि तुझंही खोटं नव्हतं. रेघ सरळच होती."

मध्ये एकदा मी सुचवलं की मी गाडी चालवते, तुम्ही शेजारी बसा. ते बसले. मी मुरबाडपर्यंत नेली. इंजिनाचा आवाज चालू होता, अप्पा पायाने नसलेला क्लच दाबत होते. मग म्हणाले, "बंद कर, बाय. ऐकून जास्त त्रास होतो." कॉम्प्युटर आता माझ्याकडे कात्रपला आहे, माळ्यावर.

आता मी गेले की दारातूनच बोलायला लागते, म्हणजे त्यांना ओळखायला वेळ लागू नये. मागच्या आठवड्यात पायऱ्या चढून मला दम लागला होता. दार उघडंच होतं. मी चौकटीला टेकून, श्वास घेत, नुसती उभी राहिले. अप्पा पलंगावर बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, शर्ट सारखा केला, आणि अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"