डाव्या इंजिनाचं तेल

आमच्या शेडमध्ये विमानं धुणारे चौघे होते. तिघांना त्यांच्या नावाने हाक मारत. चौथ्याला बादली म्हणत. बाकीचे एका बादलीत अख्खं विमान उरकायचे. हा प्रत्येक पंखाला पाणी बदलायचा. पाणी काळं झालं की आपण धूत नसतो, रंगवत असतो, असं तो म्हणायचा. मी त्याच शेडमध्ये रंगारी होतो, त्यामुळे ते मला लागायचं.

त्याने एकतीस वर्षं धुलाई केली. मी एकोणतीस वर्षं रंग मारला. आम्ही राहतोही एकाच इमारतीत. तो खाली, मी वर.

त्याच्या वाट्याला टपालाचं विमान होतं. दोन पंख्यांचं, शेपटावर सत्तेचाळीस आकडा. ते संध्याकाळी सातला परत यायचं आणि सकाळी साडेसहाला सुटायचं. बादली पहाटे चारला कामावर यायचा. शिडी लावायचा, आधी नाक, मग पंख, मग पोट. आणि रोज, रविवार सोडून, डाव्या इंजिनाच्या मागे त्याला तेलाचा ओघळ सापडायचा. चमचाभर तेल. झाकणाच्या खालच्या कडेतून निघायचं, तिसऱ्या स्क्रूला वळसा घालायचं आणि पंखाखालून मागे जायचं.

इंजिनं मोठ्या मिस्त्रींकडे होती. माणूस कामाला चोख, पण आपल्या इंजिनाबद्दल वाकडा शब्द खपवून घेत नसे. ते सकाळी सहाला यायचे. तोवर बादलीने सगळं पुसलेलं असायचं.

"मिस्त्री, डावं इंजिन गळतंय," बादली सांगायचा.

"कुठे? दाखव."

"आता पुसलं ना मी."

"मग गळत नाही."

एकदा त्याने फडकं नेऊन दाखवलं. काळंकुट्ट, तेलाने निथळणारं. मिस्त्रींनी ते दोन बोटांत धरलं, नाकाशी नेलं आणि परत दिलं. "तेल फडक्याला आहे. इंजिनाला नाही."

"मग तेल कमी कसं होतं? रोज भरता ना तुम्ही?"

"इंजिन पितं," मिस्त्री म्हणाले. "जुनं इंजिन तेल पितं. गळत नाही."

सगळी शेड हसली. तेव्हापासून कुणी चहा सांडला तरी "कपाने प्यायला" असं म्हणायची पद्धत पडली.

तुम्ही म्हणाल, एक दिवस पुसायचं नाही, झालं. त्याने तेही करून पाहिलं. मी साक्षीला होतो. सगळं विमान धुतलं, तो ओघळ तेवढा ठेवला. पावणेसहाला शिडीवरून उतरला, बाकावर बसला. पाच मिनिटं मांडीखाली हात घालून बसला. मग उठला आणि पुसून आला.

"अरे, मिस्त्री येतायत की!" मी म्हटलं.

"ठाऊक आहे. पण असं विमान बाहेर कसं जाऊ द्यायचं?"

एकोणीस वर्षं हे चाललं. मिस्त्री निवृत्त झाले, मग मी, मग बादली. गळत होतं हे शेवटपर्यंत कुणी मान्य केलं नाही. बादलीला दुसरं काही नको होतं. बढतीसाठी तो कधी भांडला नाही. मिस्त्रींच्या तोंडून चार माणसांत एकदा "गळायचं" ऐकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याच्या निवृत्तीला मुलीने एक खोका दिला होता. आत त्याच जातीच्या विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग. जोडून रंगवलं की वीतभर विमान होतं. दोन वर्षं त्या खोक्यावर वहिनी इस्त्रीचे कपडे ठेवत होत्या. मग बातमी आली की खरं सत्तेचाळीस मोडीत निघालं. सहा महिन्यांनी निवृत्त लोकांचा मेळावा शेडच्या कँटीनमध्ये होणार होता. तिथल्या काचेच्या कपाटात विमानाची काहीतरी आठवण ठेवावी, असं ठरलं होतं. मिस्त्री येणार होते.

बादली खोका घेऊन वर आला. "मला रंग शिकव."

"तू आणि रंग?"

"सत्तेचाळीस करायचंय. आहे तसं. तेलासकट."

मी समजलो.

पाच महिने लागले. घाईने पाच दिवसांतही होतं, पण तसं काम मी शिकवत नाही. भाग आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे असतात, नाहीतर कारखान्यातल्या तेलकटपणावर रंग धरत नाही. एकदा धुतले की पुरे. त्याने तीनदा धुतले. तिसऱ्या वेळी पुढचं चाक मोरीत गेलं. वहिनींनी पाइपखालचं झाकण उघडून ते काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"एकतीस वर्षं लोकांची विमानं धुतलीत," त्या म्हणाल्या. "घरातला पंखा एकदा तरी पुसलात का?"

"तो उडत नाही," बादली म्हणाला.

सांध्यांत पुट्टी, वर पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून. मग प्रायमर. मग छोट्या स्प्रेने रंग, तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. जाड हाताने रंग मारला की बारीक खिळे बुजतात. तो चांगला शिकला. हात स्थिर होता, आणि वाट पाहता येत होती. रंगकामात यापेक्षा जास्त काही लागत नाही.

भांडण झालं ते ठिगळावरून. सत्तेचाळीसच्या दाराखाली एकदा शिडी घासली होती. तिथे मी रंगाचं ठिगळ मारलं. रंग जुळवला ट्यूबलाइटखाली. उन्हात नेल्यावर तो वेगळाच दिसला, जरा हिरवट. मी सांगितलं की बाकीचा रंग उन्हाने विटलाय. ही गोष्ट मी पुढे वीस वर्षं सांगितली.

बादलीने विचारलं, "तो रंग कसा मिसळला होतास?"

"कुठला?"

"चुकलेला."

"चुकला नव्हता. ऊन—"

"पेंटर, मी ते ठिगळ रोज धुतलंय. पहिल्या दिवसापासून हिरवं होतं."

"ते नको दाखवूस. कुणाला आठवणार आहे?"

"मग तेल तरी कशाला दाखवू?"

मी रंग मिसळून दिला. डबी त्याच्या हातात देताना माझे कान तापले होते.

आकड्याचंही तेच. असली चिन्हं कागदावर छापून येतात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवायची, कागदावरून अलगद सरकवून जागेवर न्यायची, कापसाने पाणी टिपायचं. खालचा रंग गुळगुळीत हवा, नाहीतर हवा अडकते आणि कड पांढरी दिसते. त्यासाठी मी आधी चकचकीत वॉर्निश मारायला लावलं होतं. चार सरळ बसला. सात त्याने कापून वेगळा घेतला आणि किंचित डावीकडे कलता लावला.

"वाकडा लावलास," मी म्हणालो.

"तू लावलास तसाच लावलाय."

खरं होतं. माझा साचा त्या दिवशी घसरला होता. मी त्यावरून पुन्हा वॉर्निशचा हात मारला.

मग मळवायचं काम आलं. नवंकोरं विमान खेळण्यासारखं दिसतं. त्याच्यावर धूर, धूळ, तेल, पायांचे ठसे आणावे लागतात, तेव्हा ते उडालेलं वाटतं. मी काळ्या खडूची पूड करून दिली. धुराड्यामागे मऊ कुंचल्याने लावायची. बादली कुंचला हातात धरून तासभर बसला.

"काय झालं?"

"हात होत नाही रे. घाण लावायची म्हणजे..."

"तुझ्याएवढी त्याची घाण कुणाला माहीत नाही. कुठे किती, सगळं तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण काढायची ठाऊक आहे."

तिसऱ्या दिवशी जमलं. एकदा जमल्यावर मात्र थांबेना. धूर डाव्या बाजूला जास्त, कारण विमान उभं राहायचं तेव्हा वारा उजवीकडून असायचा. पंखाच्या मुळाशी ठसे उजव्याच बुटाचे, कारण पायलट उजवा पाय आधी टाकायचा. मी मान डोलावत बसलो होतो.

तेलाला अकरा दिवस लागले. तपकिरी तैलरंगाचा टिपका ठेवायचा आणि थिनरमध्ये ओला केलेल्या सपाट कुंचल्याने ओढायचा. मी पहिला ओघळ काढून दाखवला. वरून खाली.

बादली हसला. "पेंटर, हे नळाखाली उभं आहे का? उडताना वारा समोरून येतो. तेल मागे जातं."

त्याने स्वतः काढला. पुसला. पुन्हा काढला. चौथ्यांदा तो ओघळ झाकणाच्या कडेतून निघाला, तिसऱ्या स्क्रूला वळसा घालून मागे गेला आणि पंखाच्या कडेशी पातळ होत संपला. मी बोट लावून पाहणार होतो, त्याने माझा हात धरला.

"हेच," तो म्हणाला. "आता बघतो कसं पितं ते."

तैलरंग सुकायला आठवडा लागतो. मी बजावलं की तोवर हात लावायचा नाही. खडूच्या पुडीलाही नाही. मेळाव्याच्या दिवशी सकाळी आठला मी वर मंद, बिनचमकेच्या वॉर्निशचा एक हात मारतो, म्हणजे सगळं पक्कं होईल. मेळावा दहाला होता.

आठला मी स्प्रे घेऊन खाली गेलो. विमान टेबलावर टॉवेलवर उभं होतं. लखलखत होतं. धूर नाही, ठसे नाहीत. डावं इंजिन आरशासारखं. शेजारी थिनरने ओलं झालेलं एक फडकं, चौघडी घालून ठेवलेलं.

"हे काय?"

बादलीने आधी विमानाकडे पाहिलं, मग फडक्याकडे. जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"चारला जाग आली," तो म्हणाला. "आज बाहेर जायचंय, एवढंच डोक्यात होतं."

"मी पाहिलं पुसताना," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, शेवटचं काम असेल. छान गुणगुणत होते हे."

"एकोणीस वर्षं पुरावा पुसलास," मी म्हणालो, "आणि आज पुन्हा?"

"बोलू नकोस."

"नाक, मग पंख, मग पोट?"

"बोलू नकोस म्हटलं ना."

पुन्हा मळवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, ओघळ तेवढा काढू, दहा मिनिटांचं काम. त्याने मान हलवली. घाईत काढलेलं तेल खोटं दिसतं, आणि खोटं तेल दाखवून मिस्त्रींना खरं बोलायला लावायचं त्याला नको होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही. कामाच्या बाबतीत तो बरोबर होता. तरी तपकिरी रंगाची नळी आणि कुंचला मी खिशात टाकला.

कँटीनमध्ये तीस-पस्तीस माणसं होती. सगळ्यांचे केस गेलेले, आवाज मात्र तेवढेच. बादलीने विमान टेबलावर ठेवलं आणि तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. मिस्त्री काठी टेकत आले. ऐंशीचे झाले होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि विमान उचलून डोळ्यांजवळ नेलं.

पाच मिनिटं तरी पाहत होते. खालून, वरून, चाकांच्या मधून.

"हे ठिगळ," ते म्हणाले. "हिरवं. हे या पेंटरचं."

"उन्हाने बाकीचा रंग—" मी सुरुवात केली.

"गप रे. आणि सात वाकडा. तोही तुझाच." सगळे हसले. मीही हसलो, इलाज नव्हता.

"अँटेनाची तार बरोबर. पायरीला पोचा आहे, बरोबर." मग ते डाव्या इंजिनाकडे वळले. बोट झाकणाच्या खालच्या कडेवर फिरवलं. तिसऱ्या स्क्रूपाशी थांबले. कपाळावर आठ्या आल्या. विमान उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"बादली!" ते चिडून म्हणाले. "सगळं केलंस, मग इथलं तेल कुठंय?"

मागच्या दोघांनी चहाचे कप खाली ठेवले.

बादली भिंतीपासून निघाला आणि सावकाश टेबलाशी आला. "कुठलं तेल, मिस्त्री?"

"अरे, हे काय, इथून नाही का रोज..." मिस्त्री थांबले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "प्यायचं ना ते?"

मिस्त्रींनी चष्मा काढला. परत घातला.

"गळायचं," ते म्हणाले. "तिथलं सील कधीच नीट बसलं नाही. चार वेळा उघडलं होतं मी, रविवारी, कुणी नसताना. बसलंच नाही." मग बादलीकडे न बघता म्हणाले, "तू पुसायचास म्हणून चाललं. नाहीतर साहेबांनी मला उभं केलं असतं."

इतका आरडाओरडा झाला की कँटीनवाला आतून धावत आला. बादलीने तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. एकोणीस वर्षं ठरवून ठेवलेलं वाक्य ऐन वेळी गेलं असावं.

मी खिशातून नळी आणि कुंचला काढून मिस्त्रींसमोर ठेवला. "काढा तुम्हीच."

मिस्त्रींनी टिपका ठेवला आणि कुंचला सरळ खाली ओढला.

"मागे, मिस्त्री," बादली म्हणाला. "खाली नाही. मागे."

"तू सांग. रोज तूच बघितलंस."

"आधी वळसा. तिसऱ्या स्क्रूला. हां. आता मागे न्या. पातळ करत. आणखी पातळ. बास."

ओघळ फारसा चांगला आला नव्हता. जाड होता, आणि कड फाटली होती. माझ्या हाताखालच्या माणसाने असं काम केलं असतं तर मी पुन्हा करायला लावलं असतं. पण ठेवायचं ठरलं. मिस्त्रींनी विमान स्वतः नेऊन काचेच्या कपाटात ठेवलं.

बादली कपाटासमोर उभा राहिला. ओघळाकडे पाहत होता. त्याचा उजवा हात हळूच खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

मी त्याचं मनगट धरलं, आणि कँटीनवाल्याला म्हटलं, "कपाटाला कुलूप लाव."