यादीत नसलेलं नाव

मी वाडी सोडली त्या दिवशी आईची ग्रामसभा होती. मला दुपारच्या आत पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. पवनानगरच्या चौकात कामशेतची जीप माणसं भरायची वाट बघत उभी होती. आई सोडायला आली होती, पण तिचं अर्धं लक्ष मागं पंचायतीकडं होतं.

"वाचून घेतल्याशिवाय सही करू नको," मी म्हणाले.

"व्हय."

"पण वाचणार कोण?"

"बघंन की कुनाला तरी. तू बस आदी. जागा जाईल."

मी बसले. जीप वळली तेव्हा आई निघालीसुद्धा होती, भराभर, पदर खोचून. वाडीतली पहिली मुलगी शिकायला बाहेर चालली होती आणि वाडीतली पहिली बाई सरपंच सभेला चालली होती. ऐकायला किती छान वाटतं! मला मात्र त्या जीपमध्ये कामशेत येईपर्यंत नीट बसवलं नाही.

वाडीकरांनो, तुमच्यातल्या धाकट्यांना हे माहीत नसेल म्हणून सांगते. धरणाच्या वरच्या अंगाला आपली ठाकरवाडी, तेव्हा पंचवीस-तीस घरांची. खाली गाव. गावाचा कारभार वर्षानुवर्षं आबांकडं. मग सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव झालं आणि आबा स्वतः चढ चढून आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्याआधी ते कधी आले नव्हते. "चंद्राबाई, तुमी फकस्त सही करायची. बाकीचं आमी हाये की," ते म्हणाले. वडील माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "न्हाई म्हनता येतंय व्हय?" आई रात्रीपर्यंत सही गिरवत बसली. अक्षरं मीच काढून दिली होती.

पहिले काही महिने ती पंचायतीत खाली सतरंजीवर बसायची आणि आबा खुर्चीत. पुढं ग्रामसेवकानं तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, तेव्हा ती खुर्चीच्या काठावर टेकायची, कुणी ऊठ म्हणेल म्हणून. कागद ती घरी आणायची आणि मी वाचून दाखवायचे. बारावीचा अभ्यास बाजूला ठेवून मी पाणीपुरवठा आणि घरकुलांचे ठराव वाचले आहेत.

दिवाळीला मी सुट्टीवर आले, तेव्हा आईनं मी निघाले त्या दिवशीच्या ठरावाची नक्कल पुढं केली. "काय लिवलंय बघ बरं." पहिल्या पानावर वाडीची पाइपलाइन होती. दुसऱ्या पानावर, झऱ्याजवळच्या गायरानातून धरणाच्या तलावाकडं होणाऱ्या पर्यटकांच्या कॅम्पसाठी रस्ता करायला ना-हरकत. खाली आईची सही. गोल, सुंदर, मी शिकवलेली.

"पानी म्हनले हुते," आई म्हणाली. एवढंच. मला वाटत होतं तिनं माझ्यावर ओरडावं. ती उठून भाकरी थापायला गेली.

त्यानंतर मात्र ती बदलली. "मोठ्यानं वाचा," प्रत्येक सभेत म्हणायची. वाचलं की म्हणायची, "आता पुन्यांदा." कंटाळून लोक उठून जायचे, ही बसून राहायची. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुदत संपली आणि ती परत दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला गेली. पण तिच्या शेजारी लावणाऱ्या बायका आता सभेला येऊ लागल्या होत्या.

रस्ता झाला. पाठोपाठ तंबू आले, मग तंबूवाल्यांनी झऱ्याला तारेचं कुंपण घातलं. उन्हाळ्यात आपल्या बायका तलावावरून पाणी वाहू लागल्या. पण वडिलांना साप चावला तेव्हा अँब्युलन्स त्याच रस्त्यानं दारापर्यंत आली आणि ते वाचले. माझा भाऊ किसन लोणावळा स्टेशनवरून पाहुणे आणायला कॅम्पची जीप चालवू लागला. त्याच्या लग्नाचं जमलं ते त्या नोकरीमुळे. त्या एका सहीला मी वाईट म्हणू की चांगली, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी पुढं चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नोकरी केली, भाषेचा क्लास लावला आणि जर्मनीतल्या एका छोट्या गावी, म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत आले. आता माझा दिवस 'फ्र्यूडीन्स्ट'नं, म्हणजे सकाळच्या पाळीनं सुरू होतो. मी आज्यांना उठवते, गोळ्या देते, खिडक्या उघडते. गेल्या वर्षी इथं नगरपालिकेची निवडणूक होती. आमची बस बंद करायची की नाही, यावर सगळे भांडत होते. त्या बसनं रोज जाणारी मी, पण मला मत नव्हतं. सोबतची नर्स म्हणाली, इथलं नागरिकत्व घे. मी 'राटहाउस'मधून, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीतून अर्ज आणला. तो पासपोर्ट घेतला की आपला भारताचा सोडायचा. अर्ज कपाटात पडून राहिला. मी कपाट उघडायचे, बंद करायचे.

या हिवाळ्यात मी घरी आले तेव्हा नेमकी ग्रामसभा होती. विषय, झऱ्याचं कुंपण काढायचं का? सरपंच आता आबांची सून, वैशाली. कॉमर्स शिकलेली, सगळं स्वतः वाचून दाखवणारी. आई पुढं बसली होती, बायकांत. किसन पलीकडं, कॅम्पवर काम करणाऱ्या पोरांत.

"पाणी बंद झालं तर कॅम्प उठंल," किसन म्हणाला. "मग आमी कुटं जायचं? पुन्यांदा मजुरीला?"

"कॅम्प ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "तार काडा. त्यांनीबी भरावं, आमीबी भरू."

आमच्याच घरातली दोन माणसं समोरासमोर होती आणि दोघांचं खरं होतं. वैशालीनं तार काढायच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितले. मीही केला. इतक्या वर्षांचं काहीतरी फेडल्यासारखा, सगळ्यांत उंच.

तरुण ग्रामसेवक मोजत मोजत माझ्यापाशी थांबला. मतदारयादी पाहिली. "ताई, माफ करा. तुमचं नाव यादीत नाही. तुमचा हात मोजता येणार नाही."

"मी इथलीच आहे," मी म्हणाले.

आई मागं वळली. "हात खाली घे, सुमे. बराबर बोलतोय तो."

मी हात खाली घेतला. मोजणी झाली. थोड्याच हातांच्या फरकानं, पण कुंपण काढायचा ठराव झाला. बायका हसत उठल्या. मलाही आनंद झाला, आणि त्याच क्षणी आत काहीतरी टोचलं. मी नसताना फसलेली माझी आई, मी नसतानाच शहाणी झाली होती. ठरावाला माझा हात लागलाच नाही.

किसन आठवडाभर आमच्याकडं जेवला नाही. कॅम्प उठला नाही, अजून तरी. पण दोन पोरांना कॅम्पवाल्यांनी कमी केलं. किसनची नोकरी राहिली आहे. पुढचं कुणाला ठाऊक नाही.

जर्मनीत परत आल्यावर फोनवर मी आईला त्या अर्जाचं सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "भर. तितं तरी तुजा हात मोजत्याल."

मी भरला. राटहाउसातल्या बाईनं शिक्का मारून पोच दिली. बाहेर आले तर बस आली होती. मी तिच्यात चढले नाही, पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले, मग त्याच्याही पुढं. पाय थांबत नव्हते. तुम्ही मागं राहिलात आणि माझ्यासारखे काही निघून गेले. आपल्यात कुणाचं बरं झालं, हे विचारायचं मी सोडून दिलंय. आता ग्रामसभेच्या दिवशी किसन, अजूनही थोडा रागातच, मला फोन लावून तसाच चालू खिशात ठेवतो. इथं माझी पाळी चालू असते. कानात तुमची भांडणं, खुर्च्या सरकल्याचे आवाज, मधेच आईचं खोकणं. मला बोलायचं असतं, खूप बोलायचं असतं. मी इथल्या एखाद्या आजीच्या खोलीची खिडकी उघडते आणि ऐकत राहते.