अर्थिंगवाले काका

"अर्थिंग कुठाय?" वर्गात शिरताना काकांचा पहिला प्रश्न हाच. आम्ही शिकाऊ मंडळी लगबगीने चपला काढून पाय जमिनीला टेकवायचो.

ऊर्जासाधनेचे वर्ग तुम्हीही पाहिले असतील. मंद संगीत, पांढरे कपडे, गोड आवाज. काकांकडे यातलं काही नव्हतं. अलोऱ्याच्या वसाहतीत राहून त्यांनी उभं आयुष्य वीजघरात काढलं. निवृत्तीनंतर श्वास, ध्यान, तळहातांची ऊब हे सगळं शिकले आणि गट चालवणारे शिक्षक तयार करू लागले. भाषा मात्र वीजघरातलीच राहिली. "लोकांचा लोड आपण घ्यायचा नाय, बाई. आणि गुडघा बरा करतो म्हणून कुणाला सांगायचं नाय. गुडघ्याला डॉक्टर हाय."

एकदा ते म्हणाले, "अर्थिंग सुकू देऊ नका." दापोलीच्या आमच्या मैत्रिणीचा नवरा वायरमन. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठपाणी ओततात, हे तिला ठाऊक. तिने आपल्या दापोलीच्या अख्ख्या गटाचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले. ऐकून काका पोट धरून हसले. "चला, पाय तरी स्वच्छ झाले!"

माझी अडचण वेगळी होती. जन्मभर शाळेत शिकवलेलं, मला गप्प राहवत नसे. काकांचा नियम असा, की शिकाऊ माणसाच्या गटात ते मागे बसणार आणि ते येताहेत तोवर तो गट त्याचा नाही. मी चालवत असलेला खेडचा गट मला फार मनापासून माझा हवा होता. पण काका दर मंगळवारी हजर!

एका मंगळवारी सगळ्या डोळे मिटून बसलेल्या असताना एकजण हुंदके देऊ लागली. नवरा मुंबईला, गणपतीला तेवढा यायचा. धीराचं अख्खं भाषण माझ्या जिभेवर आलं. ते कसंबसं गिळलं आणि तिच्या शेजारी जाऊन नुसती बसले. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले.

"बरा वाटला वो बाई. कोणी काय इचारला नाय, ता बरा झाला."

मी मागे वळले. काकांची खुर्ची रिकामी होती.

"काका कधी गेले?"

"मघाशीच," मागच्या रांगेतली म्हणाली. ती नेहमी एक डोळा उघडा ठेवून ध्यान करायची. "तुम्ही तिच्याजवळ गप बसलात ना, तवाच उठले."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानंतर काका खेडला आले नाहीत.