सोळानंतरचा आकडा

मुलांनो, निकष लिहिल्याशिवाय देवालाही हात न जोडणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आपल्याच नात्यातला निघाला : तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, माझे भावोजी. तुम्ही तिकडे धावत्या गाडीतून माझ्याशी बोलता आणि तुमचा चेहरा मध्येच गोठत नाही, यात त्यांचाही चिमूटभर वाटा आहे. मोबाइल इंटरनेटची नवी पद्धत पास की नापास हे कशावरून ठरवायचे, त्याचे नियम करणाऱ्या समितीत ते होते. चालणारा माणूस किती वेगाने चालतो यावर तिथे तीन दिवस वाद झाला, असे ते अभिमानाने सांगत. निकष आधी, उमेदवार नंतर. आणि निकाल आल्यावर निकष बदलायचा नाही, हा त्यांचा धर्म.

निवृत्त होऊन गोव्यात, आपल्या लाटंबार्शे गावाला आल्यावर हा धर्म पाववाल्या पोदेरावर येऊन पडला. त्याचा भोंपू वाजण्याआधी भावोजींच्या वहीत पावाचे निकष तयार असत. एकदा पाव अप्रतिम होता, पण वरचा पापुद्रा ठरल्यापेक्षा मऊ निघाला. त्यांनी तो नापास केला आणि मग दोन खाल्ले. "नापास झालेलाही खाता येतो, वैनी," ते म्हणाले.

सगळ्यात जास्त छळ माझ्या जावेचा. भावोजी स्कूटरवरून पाळी गावाच्या रस्त्याने जात, कानात फोनची वायर, आणि ती घरी गॅसपाशी उभी राहून फोनवर आकडे मोजी. आवाज तुटेल तिथे थांबून ते वहीत लिहीत. "माशांचे हुमण आटले हो, आणखी किती मोजू?" असे ती म्हणे, पण मोजणे सोडत नसे. बंद खाणीच्या वळणावर, जिथे खड्ड्यात हिरवे पाणी साचले आहे, तिचा आवाज दर वेळी नाहीसा होई. एके दिवशी तिथे तो सोळावर तुटला. भावोजींनी 'सोळा, वळण' असे लिहिले आणि सावकाश पुढे गेले. परत आले तेव्हा ती ओट्यापाशी पडलेली होती, गेलेली.

आवाज वळणाने तोडला की तिनेच थांबवला, एवढेच त्यांना कळायला हवे होते. वर्षभराने ते माझ्याकडे आले. "वैनी, वळणावर काही ऐकू येते. काय, ते सांगणार नाही. तुम्ही ऐका." अपेक्षित आकडा त्यांनी पाकिटात बंद केला. तिचा फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवायला लावला. किल्ली माझ्या कमरेला. या वयात मी स्कूटरवर मागे बसले.

भर दुपार होती. पाण्यावर तरंग नव्हता, झाडावर कावळा नव्हता. भावोजींच्या फोनवर रेंजची एकही रेघ नव्हती. मी तो कानाला लावला. बराच वेळ काही नाही. मग, अगदी जवळून, थोडा वैतागलेला तिचा आवाज : "अठरा."

मी आकडा सांगितला. त्यांनी पाकीट फोडून कागद पुढे धरला. सतरा.

"अहो, अठरा म्हणजे सतरा होऊनच ना? ती मोजत होती, भावोजी."

त्यांनी खिशातून पेन काढले. "कागदावर सतरा आहे, वैनी." आणि गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी 'नापास' लिहिले. अक्षर नेहमीसारखे सरळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरचा आवाज आला. मी फाटकापाशी गेले. "नापास केलंत ना काल?"

"पावही नापास केला होता," ते म्हणाले, आणि पाळीच्या रस्त्याला लागले.

तेव्हापासून रोज जातात. वही मात्र घरी ठेवून.