वसराम पेंटरचे लाल डबे

कुरुंद्यापासून हिंगोलीपर्यंतची रस्त्याकडेची एकेक भिंत वसराम पेंटरच्या ओळखीची होती. कुठली पोपडे धरते, कुठली पावसाळ्यात ओल ओढते, कुठल्या घरची बाई दुपारी झोपते, सगळं त्याला पाठ. वीस वर्षं तो भिंतींवर जाहिराती रंगवत आला होता, बियाण्याच्या, खताच्या, विडीच्या. आधी घरच्या बाईला विचारायचं, तिनं हो म्हटलं की उरल्या रंगात तिच्या दाराची चौकट रंगवून द्यायची, ही त्याची रीत. खाली कोपऱ्यात बोटभर अक्षरांत लिहायचा, ‘वसराम पेंटर, तांडा’. रंग उडाला तर कुणाला हाक मारायची ते घरच्यांना कळावं म्हणून. त्याला ना दुकान होतं ना पाटी. लोक भिंत देत होते, त्यावर त्याची चूल पेटत होती.

दोन हजार आठ सालच्या दिवाळीआधी कुलदीप नावाचा माणूस मोटारसायकलवर तांड्यात आला. त्याच्या कंपनीच्या हातबॅटऱ्या बाजारात यायच्या होत्या. त्यानं पंचवीस लाल डबे ओट्यावर मांडले. प्रत्येकावर एक दिवा लुकलुकत होता आणि दोनच शब्द लिहिलेले होते, ‘रविवारी कळेल’.

“काय कळंल रविवारी?” वसरामनं विचारलं.

“तेच तर सांगायचं नाही, काका. लोकांनी चार दिवस डोकं खाजवावं. स्टँड, मोंढा, पूल, जिथं गर्दी तिथं टांगा. कुणाला विचारत बसू नका.”

“न विचारता टांगायचं?”

“त्यातच मजा आहे.”

वसरामला ती मजा काही पटली नाही. पण पुलाच्या कठड्याला घरधनीण कुठून आणावी? तालुक्याच्या गावात उजाडता उजाडता त्यानं डबे टांगले, आणि टांगण्याआधी एकेकाच्या बुडाशी पांढऱ्या रंगात आपलं नाव घातलं. विचारलं नाही, निदान कुणी टांगलं ते तरी कळावं.

त्या साली शहरांतल्या स्फोटांच्या बातम्या पेपरात रोज येत होत्या. स्टँडवरचा भोंगा दिवसभर सांगायचा, बेवारस वस्तूला हात लावू नका. दहाच्या सुमारास एका कंडक्टरला चौकशीच्या खिडकीवर लुकलुकणारा लाल डबा दिसला. अर्ध्या तासात स्टँड ओस पडला. एसट्या गावाबाहेर थांबल्या. बॉम्ब निकामी करणारं पथक बाहेरून यायचं होतं, तोवर आडोसा म्हणून मोंढ्यातली हळदीची पोती आणून डब्याभोवती रचली. तीन वाजता पथक आलं. त्यांनी लांबून पाण्याचा जोरदार फवारा सोडला. डबा फुटला, पोतीही फुटली, आणि पिवळं पाणी स्टँडभर होऊन रस्त्याला लागलं. डब्यातून दोन सेल आणि एक बल्ब निघाला. मग कुणीतरी बूड उलटून नाव वाचलं.

“नाव काहून लिहिलं रे?” ठाण्यात फौजदारानं विचारलं.

“सवय हाय, सायेब.”

“बॉम्बवर नाव लिहायची?”

“बॉम्ब न्हवता, सायेब. तुमीच उघडून पाहिला.”

कोपऱ्यातला हवालदार हसला. फौजदार हसला नाही. कुलदीपचा फोन बंद होता. वसरामचा थोरला भाऊ भीमसिंग दोन दिवस ठाण्याबाहेर भाकरी घेऊन बसून राहिला. तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, तेव्हा वसरामला सोडलं. सोडण्याआधी त्याच्याकडून स्टँडची फरशी घासून घेतली. पिवळ्या हातापायांनी तो बाहेर आला तर रिक्षावाले म्हणाले, “काय नवरदेव, हळद लागली व्हय?”

त्याला वाटलं, हसून का होईना, संपलं.

पण गावोगाव ज्या भिंतीवर त्याचं नाव होतं, त्या घरी पोलीस जाऊन आले होते. ह्याला ओळखता का, कधीपासून येतो, भिंत काहून दिली. दिवाळीनंतर खताची जाहिरात घेऊन तो निघाला तेव्हा नऊ घरांनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. दहावं घर कुरुंद्यातल्या शकुबाईचं. तिची भिंत तो अकरा वर्षं रंगवत होता.

“वसरामभाऊ, मालक न्हाई म्हणून राहिले,” ती दारातच म्हणाली.

“बरं, अक्का.”

तो डबे उचलू लागला. पाठ भरून आली होती, एवढ्या लवकर उचलवेना.

“त्याच्यात काय हाय?” तिनं विचारलं.

“रंग हाय.”

ती तिथंच उभी राहिली. वसराम उकिडवा बसला. पान्यानं त्यानं एकेक झाकण उचकटलं, निळा, पांढरा, पिवळा, आणि काडी पार बुडापर्यंत घालून तिच्यासमोर फिरवून दाखवली. तिनं वाकून तिन्ही डबे पाहिले.

“मी सांगते मालकाला,” ती म्हणाली. “पर नाव नको टाकू.”

“न्हाई टाकत.”

दुपार कलेपर्यंत त्यानं भिंत रंगवली. चौकटही रंगवून दिली. चौकटीचा रंग आपल्याला आवडतो, असं ती दरवर्षी म्हणायची. यंदा म्हणाली नाही.

त्यानंतर वसराम कुठल्याही दाराशी गेला की डबे खाली ठेवी, कुणी विचारायच्या आत तिन्ही झाकणं काढी आणि मग भिंत मागी. उन्हात उघड्या रंगावर साय धरते. भिंत मिळाली की ती साय काढून रंग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावा लागे, अर्धा तास त्यातच जाई. नाही मिळाली तर तो झाकणं पुन्हा ठोकून बसवी आणि पुढच्या दाराशी जाऊन काढी.