तेबोराबाईंचं मागणं

त्या आठवड्यात तेबोराबाई शाळेत चालतच येत होत्या. सायकल चुलतजावेनं मागून नेली होती. किरिबासच्या ह्या बेटावर नातलगानं मागितलं की नाही म्हणायचं नसतं. बाईंनी चाकांत हवा भरून दिली होती.

सहावीचा वर्ग त्यांचा. तास संपता संपता फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, मुलांनी चिठोरीवर उत्तर लिहून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं, ही त्यांची रीत. घरी मासळी चुलीवर चढली की बाई चिठोऱ्यांच्या तीन चळती लावत: कळलेल्यांची, अर्धवट कळलेल्यांची, न कळलेल्यांची. उद्या काय शिकवायचं ते त्यावरून ठरे.

अपूर्णांक सुरू झाल्यापासून सगळ्या चिठोऱ्या पहिल्याच चळतीत पडत होत्या. हेडसर बेनियामिना खूश.

"आता शेकडेवारी घ्या, बाई. हायस्कूलची प्रवेशपरीक्षा तोंडावर आलीय."

बाईंनी त्याआधी जरा उजळणी म्हणून कौरेला फळ्यापाशी बोलावलं. "तिसरा हिस्सा मोठा की चौथा?"

"चौथा."

"अरे, काल तर बरोबर लिहिलं होतंस!"

"ते ब्वेनाचं होतं, बाई."

"ब्वेना, तू कशाला दिलंस?"

"त्यानं मागितलं ना! आत्तेभाऊ आहे माझा."

"आणि बाकीच्यांना?"

"तेही कोणी ना कोणी लागतातच की."

मागून आवाज आला, "बाईंनी नाही का सायकल दिली!" वर्ग खिदळला.

बाईंनी हे हेडसरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "लांब लांब बसवा त्यांना."

"एका चटईवरची पोरं, सर. लांब म्हणजे कुठं, समुद्रात?"

एकमेकांना उत्तरं द्यायची नाहीत, असं बाईंनी मुलांना बजावलं. मुलांनी माना डोलावल्या. संध्याकाळी पुन्हा सगळी उत्तरं बरोबर.

दुसऱ्या दिवशी तास संपताना बाई फळ्यापाशी थांबल्या नाहीत. मुलांमध्ये चटईवर येऊन बसल्या, मागायला आलेलं माणूस बसतं तशा.

"आज मी तुमच्याकडे मागायला आलेय. प्रत्येकानं आपल्या स्वतःच्या डोक्यातलं उत्तर मला द्यायचं. चुकलेलं असेल तर चुकलेलं."

"चुकलेलं कोण मागतं, बाई?" कौरे म्हणाला.

"मी मागतेय."

कौरेनं चिठोरीवर हात आडवा धरला आणि लिहायला लागला.

त्या संध्याकाळी तिसरी चळत वाढत गेली आणि मासळी करपली. बहुतेकांनी चौथा हिस्सा मोठा ठरवला होता. चार तीनांपेक्षा मोठे, म्हणून.

सकाळी बाई हेडसरांपुढे उभ्या राहिल्या. "शेकडेवारीचे तास मला अपूर्णांकांसाठी हवेत."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेत शेजारी ब्वेना नसणार, सर."

"नियोजन वरून ठरून आलंय, बाई. माझ्या हातात—"

"सर, मी मागतेय."

हेडसरांनी चष्मा काढला. "हे मागणं आहे?"

"मागणंच आहे."

"माझ्या मावसबहिणीची सून तुम्ही. आता काय बोलणार!" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "घ्या तास. पण मग तो डबा मला द्या. पाचवीत काय निघतं ते बघतो."

बाईंनी डबा दिला.

त्या दिवशी वर्गात सारख्या आकाराचे दोन भाजलेले नीरफणस आले. एकाचे तीन भाग केले, दुसऱ्याचे चार. कौरेनं घाईघाईनं चौथा हिस्सा मागून घेतला आणि मग ब्वेनाच्या हातातल्या तिसऱ्या हिश्शाकडे बघत राहिला.

चिठोऱ्या त्या दिवशी नारळाच्या करवंटीत पडल्या.