न पाठवलेली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही दातओठ खातोय. कुणावर म्हणता? माझ्यावरच.

मी गुरांचा डॉक्टर. साकोली तालुक्यात वर्षानुवर्षं फिरतोय. आम्हा डॉक्टरांच्या बैठकीत एक गोष्ट ठरलेली — जनावरांना औषधं लागू पडेनाशी झालीत, कारण शेतकरी अडाणी. गोळ्या अर्ध्यावर सोडतात, दुकानातून मनानंच इंजेक्शन आणतात. सगळे माना डोलावतात. माझी मान सगळ्यांत जोरात! आणि आम्ही काय करतो — हे तिथं कुणी विचारतं का?

सानगडीच्या सुलोचनाबाईंची एकच गाय होती. नवरा वारलेला, धानशेतीच्या दोन बांध्या, आणि हे दूध. गाईची कास सुजली. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत जड इंजेक्शन काढलं.

"डॉक्टरसाहेब, मागच्या खेपेलेही हेच देल्लं होतं, फरक नाही पडला," बाई म्हणाल्या. "दूध तपासून पाहा ना जी."

आधी दूध तपासा, मग औषध ठरवा — हे गावातल्या शिबिरात मीच सांगितलं होतं. बाईंनी ते लक्षात ठेवलं, आणि मला राग आला. आता ही मला शिकवणार?

तरी बाटलीत दूध घेतलं. नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवतो म्हणालो. भंडाऱ्याला घरी परतताना कारध्याच्या अलीकडे गाडी थांबवली आणि — हो, रस्त्याच्या कडेला ओतून दिलं. कंटाळा? नाही. माज होता तो.

पुढच्या फेरीला थाप मारली की रिपोर्ट आला, हेच औषध बरोबर आहे. तेच टोचत राहिलो, सोबत गोळ्या दिल्या. कास दगडासारखी झाली. दुधाच्या जागी पू आला. मग गाय बसली ती उठलीच नाही.

अंगणात शेजारी जमले होते. निदान तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणालो, "गोळ्या चुकवल्या असतील तुम्ही."

"नाही जी, सगळ्या देल्ल्या म्या."

"मग काय रिपोर्ट खोटा आहे?"

रिपोर्ट खोटा असतो हे त्यांना कुठून सुचणार — आणि माझ्या तोंडावर कोण म्हणणार?

इथं थांबलो असतो तरी पुरे नीच होतो. थांबलो नाही. ती मेलेली गाय मी बैठकांत उदाहरण म्हणून वापरली. लोक हळहळायचे, मला बरं वाटायचं. गेल्या हिवाळ्यात सानगडीतच पशुपालकांचा मेळावा झाला. माइकवर तीच गोष्ट सांगितली, नाव न घेता — एक बाई, अर्धवट गोळ्या, मेलेली गाय. सुलोचनाबाई समोरच बसल्या होत्या. मला दिसल्या होत्या. तरी सांगितली.

त्या उठल्या. मागच्या बायकांकडे वळल्या.

"ते बाई मीच होय. एखादी गोळी हुकली असन माह्याकडून. तुमी नोका करू असं."

लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.